वही कोणाच्या घरी?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा सांगलीहून फोन आला. "बरे आहात ना सगळे, पाऊस काय म्हणतोय" वगैरे झालं आणि मग गाडी मुद्द्यावर आली. "दादा, दुकानाचं सगळं क्लाउडवर टाकायचं ठरवलंय. तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. तिघांचंही बोलणं पटतंय. आता तू सांग कुठली घेऊ." घरात कॉम्प्युटरवर पोट भरणारा मी एकटाच, त्यामुळे प्रिंटर अडकला तरी फोन मलाच येतो. पण हा प्रश्न प्रिंटरचा नव्हता. "दोन दिवसांत सांगतो" म्हणून मी वेळ मागून घेतला. त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, आणि त्या तीन आठवड्यांत जे वाचलं, आठवलं, ते इथे मांडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणपती पेठेत आमचं पंप, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. अण्णांनी सुरू केलं, आता भाऊ बघतो. गिऱ्हाईक बहुतेक तासगाव, वाळवा, पलूसकडचे शेतकरी. द्राक्षाचे पैसे आले की देणार, ऊसाचं बिल निघालं की देणार, अशी वर्षाची उधारी. म्हणजे आमच्या दुकानात माल हा दुय्यम, खरी इस्टेट म्हणजे येणं किती आणि कोणाकडून, हे लिहिलेली वही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा दुकानात पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलावर होता, तो गेला. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता! तोही गेला. खालच्या कपाटातल्या जुन्या चोपड्यांचा लगदा झाला. त्यामुळे भाऊ क्लाउड म्हणतो तेव्हा ती हौस नाही. एकदा पोळलेला माणूस आहे तो.

आता त्या तीन विक्रेत्यांकडे वळू. भावानं सांगितलं की तिघांनीही एकच दाखला दिला. "साहेब, हे विजेसारखं आहे. तुम्ही घरी वीज तयार करता का? बटण दाबलं की येते, वापरली तेवढं बिल भरायचं. तसंच हे." ऐकायला एकदम बिनतोड. आणि दाखला काही त्यांचा नवा नाही. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या संगणकतज्ज्ञानं म्हटलं होतं की टेलिफोनसारखी संगणनही कधीतरी एक सार्वजनिक सेवा होईल. निकोलस कार यानं २००८ साली 'द बिग स्विच' हे अख्खं पुस्तकच वीज आणि क्लाउड या जोडीवर लिहिलं.

आपल्याकडे तर ही विजेची गोष्ट हाकेच्या अंतरावर घडलेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्या आपापल्या वाफेच्या इंजिनांवर चालायच्या. प्रत्येक गिरणीचा आपला बॉयलर, आपला कोळसा, आपलं धुरांडं. जमशेटजी टाटांच्या डोक्यात घाटमाथ्यावरच्या पावसातून वीज काढायची कल्पना होती. ते १९०४ मध्ये वारले, कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, आणि लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी खोपोलीला खाली सोडून केलेली वीज १९१५ मध्ये मुंबईत पोचली. सगळे गिरणीमालक काही लगेच तयार झाले नाहीत. घरचं इंजिन विझवायचं आणि डोंगरापलीकडून येणाऱ्या तारेवर गिरणी सोपवायची, हे सोपं नव्हतंच. पण जमलं. पुढे धुरांडी नुसती ओळखीची खूण म्हणून उरली.

इथपर्यंत दाखला छान जुळतो. मीही एक दिवस त्यावरच खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. वीज वापरली की संपते. गिरणीनं कालपर्यंत घेतलेली वीज टाटांच्या घरी साठून राहत नाही. उद्या पुरवठा दुसऱ्याकडून घ्यायचा ठरवला तर "आमची मागची दहा वर्षांची वीज परत द्या" असं कोणी म्हणत नाही. हिशेबाचं तसं नाही. हिशेब जितका जुना तितका मोलाचा, आणि तो ठेवणाऱ्याकडे साठत जातो. तेव्हा वीज हा अर्धाच दाखला झाला. उरलेला अर्धा कुठे मिळतो ते बघू म्हणून मी मागे मागे जात राहिलो.

आपलं हिशेबाचं काम दुसऱ्याच्या यंत्रावर करून घ्यायची पद्धत क्लाउड या शब्दापेक्षा फार जुनी आहे. १९४९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी हेन्री टॉब नावाच्या विशीतल्या तरुणानं दुसऱ्यांचे पगारपत्रक करून द्यायचा धंदा काढला. तीच पुढे एडीपी ही प्रचंड कंपनी झाली. इंग्लंडात तर त्याहून गंमत. तिथली लायन्स ही चहाच्या दुकानांसाठी आणि केक-बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. तिनं स्वतःच्या कामासाठी लिओ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचं मूल्यांकन चालू केलं. धंद्याच्या रोजच्या कामासाठी चाललेला हा पहिला संगणक मानतात. पुढे यंत्राला फावला वेळ उरायला लागला तेव्हा लायन्सनं बाहेरची कामं घेतली. १९५६ च्या सुमारास फोर्डच्या कारखान्याचे पगार या चहावाल्यांच्या संगणकावर व्हायला लागले. मोटारी करणारी कंपनी आपले पगार चहाच्या कंपनीकडून करून घेतेय, हे डोळ्यांसमोर आणून बघा :-)

मुंबईतही तेच घडलं. १९६८ साली सुरू झालेली टीसीएस आज आपल्याला परदेशी कामांमुळे माहीत आहे. पण सुरुवातीला ती टाटांच्या कंपन्यांची पंचकार्डांची कामं आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या हिशेबांचा मेळ घालायचं काम करत होती. फकिरचंद कोहली हे तिचे पहिले सूत्रधार. शाखांचे कागद इकडे यायचे, यंत्रातून मेळ घालून परत जायचे. कागद ज्याचे त्याच्याकडे परत जायचे, हा मुद्दा ध्यानात ठेवा.

त्या काळात भारतात संगणक म्हणजे बहुतेक ठिकाणी आयबीएम. आणि आयबीएमची यंत्रं विकत नव्हे, भाड्यानं मिळायची. १९७३ च्या 'फेरा' कायद्यानं परदेशी कंपन्यांना भारतातली मालकी ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना हे प्रकरण तापलं, आयबीएमनं अट मानली नाही आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे सगळ्यात मोठा व्हेंडर देश सोडून निघून गेला. मग काम बंद पडलं का? नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीनं त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि गाडा चालू राहिला. का राहिला? यंत्र भाड्याचं असलं तरी आपल्या खोलीत होतं. कार्डांचे गठ्ठे आपल्या कपाटात होते. टेपा आपल्या मांडणीवर होत्या. विक्रेता गेला, वही राहिली.

१९८६ मध्ये बंगलोरच्या गोयंका पितापुत्रांनी जे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि जे पुढे टॅली म्हणून गल्लोगल्ली पोचलं, त्यातही वही आपल्याच घरी होती. कॉम्प्युटर आपला, डेटाचं फोल्डर आपलं. (पेन ड्राइव्ह त्याच ड्रॉवरमध्ये ठेवायचा मूर्खपणाही आपलाच.) चित्र बदललं ते १९९९ नंतर. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स सुरू झाली, सॉफ्टवेअर या शब्दावर काट मारलेलं चिन्ह घेऊन. तुम्ही काही विकत घेऊ नका, काही बसवू नका, ब्राउझर उघडा आणि कामाला लागा. २००६ मध्ये अॅमेझॉननं साठवणूक आणि संगणक, दोन्ही तासागणिक आणि गिगाबाइटागणिक भाड्यानं द्यायला सुरुवात केली. सोय जबरदस्त, यात वाद नाही. मोठी गुंतवणूक नको, पुराची भीती नको. पण पहिल्यांदाच यंत्राबरोबर वहीसुद्धा दुसऱ्याच्या घरी राहायला गेली.

मग तो घरवालाच उठून गेला तर? सॅन दिएगोच्या निर्वानिक्स या क्लाउडवर साठवणूक पुरवणाऱ्या कंपनीनं सप्टेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना कळवलं की आम्ही बंद होतोय, महिनाअखेरपर्यंत तुमचा माल हलवा. हातात जेमतेम दोन आठवडे. मुदत नंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाढली, पण ज्यांचा साठा अवाढव्य होता त्यांना तो तारेतून ओढून काढायलाही तेवढे दिवस पुरणारे नव्हते. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे इंट्यूटनं क्विकबुक्सची भारतातली सेवा ३१ जानेवारी २०२३ ला बंद केली. त्यांनी आधी काही महिने सांगितलं, डेटा बाहेर काढायला वेळ दिला, म्हणजे वागणूक रीतसर होती. कंपनीही काही बुडाली नव्हती. तरीही ज्या दुकानदाराची वही तिथे होती त्याला तारीख बघून धावपळ करावी लागलीच. तारीख ठरवणारा तो नव्हता.

इथे मला उरलेला अर्धा दाखला सापडला. आणि तो विलायतेत नाही, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सापडला.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजार. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत हे शिकलो. त्या दंग्यांबद्दल पुढे नेमलेल्या आयोगानं जे नोंदवलं त्यात एक गोष्ट विलक्षण आहे. लोकांना पैसा-अडका, धान्य हे मुख्यतः नको होतं. त्यांना हवे होते कागद. रोखे, हुकूमनामे, वह्या. कागद मुकाट्यानं दिले तिथे पुष्कळदा तेवढ्यावरच भागलं. कागद मिळाले की चौकात होळी. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव हेच झालं.

कागदावर एवढा राग का? व्याज होतंच, कोर्टाच्या जप्त्या होत्याच, कापसाचे चढलेले भाव अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कोसळले होते. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. हिशेब फक्त एका ठिकाणी लिहिलेला होता, सावकाराच्या वहीत. शेतकऱ्यानं पैसे भरले त्याची पावती नाही. किती फिटलं, किती उरलं, हे विचारायला त्याच्याच ओट्यावर जायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. सगळे सावकार लबाड होते असं नव्हे. पण एखादा प्रामाणिक आहे की लबाड, हे तपासायचं साधनच कुळाच्या हातात नव्हतं.

आणि आता गंमत बघा. १८७९ मध्ये सरकारनं 'डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट' केला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. (तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांचे खापरपणजोबा या कायद्याखाली आले.) त्यात व्याजाचं, जप्तीचं, नोंदणीचं बरंच काही आहे. पण मला थांबवलं ते तीन साध्या कलमांनी. शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मिळाला पाहिजे. आणि मागितलं तर पासबुक मिळालं पाहिजे, ज्यात वेळोवेळी नोंद होईल. वही सावकाराकडेच राहू दे, हरकत नाही. पण तिची एक प्रत कुळाच्या घरी हवी.

हे वाचलं आणि मला अण्णांच्या लाल वह्या आठवल्या.

अण्णा प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकाला हाताच्या पंज्याएवढी एक लाल वही द्यायचे. माल नेला की आपल्या खतावणीत लिहायचे आणि तीच ओळ त्याच्या वहीत. पैसे आले की दोन्हीकडे जमा. कॉम्प्युटर आल्यावरही हट्टानं हे चालू ठेवलं. आम्ही भाऊ कंटाळायचो, एकच काम दोनदा कशाला म्हणून. अण्णांना १८७९ चा कायदा माहीत असण्याची शक्यता शून्य. त्यांच्या लेखी ही नुसती रीत होती. २०१९ मध्ये पाणी ओसरलं, दुकानातला चिखल काढला, आणि हिशेबाच्या नावानं हातात काहीच नाही अशी अवस्था झाली. तेव्हा भावानं एकेकाला फोन लावले. पुढचे दोन महिने लोक ती लाल वही खिशातून काढून काउंटरवर ठेवत होते. ज्यांची घरं स्वतः पाण्यात होती त्यांच्यातल्या काहींनीसुद्धा. सगळं नाही आलं, पण बहुतांश येणं त्या वह्यांवरून परत उभं राहिलं. दुकान वाचलं ते आमच्या बॅकअपमुळे नव्हे. गिऱ्हाइकांच्या घरी आमच्या वहीची प्रत होती म्हणून.

मग मी भावाला फोन केला आणि म्हटलं, किंमत, मोबाइल अॅप, रंगीत तक्ते, सगळं बाजूला ठेव. तिघांनाही पुन्हा बोलाव आणि १८७९ चे तीन प्रश्न विचार.

पहिला, पावती. नोंद कोणी केली, कोणी बदलली, कधी बदलली, हे पुसता न येणारं कुठे दिसतं का? (कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा मागोवा ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे. आमची भागीदारी असल्यानं आम्हाला ते लागू नाही, पण चांगली सवय लागू नसली तरी लावून घ्यावी.)

दुसरा, वर्षाचा उतारा. ३१ मार्चला अख्खं खातं, बिलं, पावत्या, मालाचा साठा, गिऱ्हाइकांची यादी, असं सगळं एका झटक्यात बाहेर काढता येतं का? आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येतं का? जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं ठेवायला लागतात. वर्गणी एका वर्षाची आणि जबाबदारी सहा वर्षांची, ही मेख आहे. वर्गणी थांबवली की जुनी पानं दिसणार का, ते लेखी द्या.

तिसरा, पासबुक. रोज रात्री आपोआप एक प्रत आमच्याकडे, आमच्या निवडीच्या ठिकाणी येईल का?

उत्तरं बोलकी होती. सगळ्यात गोड बोलणाऱ्यानं पहिल्या प्रश्नाला "हो", दुसऱ्याला "हो हो" आणि तिसऱ्याला "त्याची काय गरज आहे साहेब" असं उत्तर दिलं. भावानं चाचणीच्या खात्यातून सगळं बाहेर काढून बघितलं तर हाती आल्या नुसत्या पीडीएफ. छापायला सुंदर, दुसऱ्या कशात भरायला निरुपयोगी. दुसऱ्याकडे याद्या नीट आल्या, पण कुठली पावती कुठल्या बिलापोटी, हा धागा तुटलेला. उधारीच्या धंद्यात तोच तर जीव. तिसऱ्याचा माणूस जरा अडखळत बोलणारा, कपडेही साधे. त्यानं सांगितलं की रोजची प्रत मिळते, पण त्याचे वेगळे पैसे पडतील, आणि दोन गोष्टी बाहेर येत नाहीत, त्या अशा अशा. काय येत नाही हे आपणहून सांगणारा तो एकटाच.

भावानं त्याला घेतलं. थोडा महाग आहे.

जगातही वारं त्याच दिशेला वळताना दिसतंय. मोठ्या क्लाउड कंपन्या वर्षानुवर्षं आत यायला पैसे घेत नसत, बाहेर न्यायला घेत. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत गूगल, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांकडून हे शुल्क घेणं थांबवलं. युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात पुरवठादार बदलणं सोपं करायची सक्ती आहे आणि बदलण्याचं शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद करायची तरतूद आहे. सुप्याच्या चौकानंतर दीडशे वर्षांनी ब्रसेल्सला तेच कलम पुन्हा लिहावं लागलं, इतकंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. नव्या पद्धतीत गिऱ्हाइकाला बिल व्हॉट्सअॅपवर जाणार, बाकी किती तेही मेसेजमध्ये. त्यामुळे लाल वह्या बंद करू का, असं भावानं विचारलं. छापायचा खर्च, दोनदा लिहायचा त्रास, आणि तरुण गिऱ्हाइकं आता वही आणतच नाहीत. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या आपल्या वहीची आपण तीन आठवडे काळजी केली, आणि आपल्या घरी ठेवलेल्या त्यांच्या वहीचं काय? तासगावचा एखादा म्हातारा आमच्या दुकानाकडे बघतो तेव्हा त्याच्या लेखी व्हेंडर आम्हीच की.

पुढच्या आठवड्यात लाल वह्यांची नवी खेप छापायला टाकतोय असा भावाचा निरोप आहे. या वेळी पाचशेच.